अडत पट्टीवर दिसते, शिफारशीवर का दिसत नाही?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या बाजार समितीत माल विकलेल्या माणसाला पट्टी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. क्रेट किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. जुलै २०१६ पर्यंत फळं-भाज्यांची अडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. त्या महिन्यात राज्य सरकारनं ती खरेदीदारावर टाकली. त्यावरून बाजार बंद राहिले, भांडणं झाली. पण भांडण होतं ते अडत कोणी द्यायची यावर. अडत घेतली जाते हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

हे कायमच असं नव्हतं. जुन्या बाजारांत हत्ता पद्धत होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला काही कळायचं नाही. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशननं बाजारांवर नियंत्रण आणण्याची शिफारस केली आणि पुढच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. रुमाल हटवायला काही दशकं लागली.

डॉक्टरच्या लेखात अडत कशाला, असं वाटेल. कारण हल्ली माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या पावडरी, सिरप आणि तेलाच्या बाटल्या कुणाच्या तरी शिफारशीवरून आलेल्या असतात. ती शिफारस करणाऱ्याला अडत मिळालेली असते आणि घेणाऱ्याला ते माहीत नसतं. या लपलेल्या अडतीचा इतिहास मला आमच्या व्यवसायाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अनुभवाची विक्री

गावच्या आठवडी बाजारात किंवा जत्रेत जडीबुटी विकणारा पाहिलेला नाही असा पन्नाशीचा माणूस आपल्याकडे क्वचितच सापडेल. चादरीवर मुळ्या मांडलेल्या, भोवती घोळका. बोलणं रंगात आलं की घोळक्यातून एक जण पुढे यायचा आणि सांगायचा, मागच्या वेळी नेलं, गुडघा मोकळा झाला. त्यानंतर पुड्या पटापट खपायच्या. तो माणूस विक्रेत्याच्याच बिऱ्हाडातला आहे हे दोन-तीन बाजार ओळीनं करणाऱ्याला कळायचं. बाजार लहान, चेहरे ओळखीचे, त्यामुळे लबाडीलाही मर्यादा होती.

छापखाना आल्यावर ती मर्यादा गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्रं, मासिकं आणि पंचांगं औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. धातुपौष्टिक गोळ्या, रक्तशुद्धीचे अर्क, हिवतापाची मिश्रणं. जाहिरातीत औषधाच्या घटकांपेक्षा जास्त जागा प्रशंसापत्रांना असे. अमुक गावचे इनामदार, तमुक शाळेचे मास्तर, कुठले तरी निवृत्त मामलेदार. प्रशंसापत्र लिहिणाऱ्याला काय मिळालं, बाटली फुकट मिळाली की रोख, हे विचारायची पद्धतच नव्हती.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. १८६७ च्या छापखाने व पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. सरकारला राजद्रोहाची भीती होती, म्हणून कागद कोणी छापला हे कळायला हवं होतं. त्यातल्या मजकुरासाठी पैसे कोणी दिले, याची चौकशी त्या कायद्याला नव्हती.

ही फक्त आपली रड नव्हती. लंडनमध्ये १८९१ साली कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं एक उपकरण इन्फ्लुएन्झावर विकलं जात होतं. वापरूनही आजार झाला तर शंभर पौंड देऊ, असं जाहिरातीत लिहिलेलं. श्रीमती कार्लिल यांनी ते सांगितल्याप्रमाणे वापरलं, त्यांना फ्लू झाला आणि त्यांनी खटला भरला. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयानं कंपनीला पैसे द्यायला लावले. आपल्याकडे कायद्याचे विद्यार्थी कराराच्या तासाला हा खटला आजही शिकतात. मला त्यात दिसतो तो कंपनीचा बचाव: जाहिरातीतलं बोलणं कोणी गंभीरपणे घ्यायचं नसतं. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं गाजलेल्या गुप्त औषधांचं पृथक्करण करून त्यात काय आहे आणि त्याची खरी किंमत किती, हे पुस्तकरूपानं छापलं. बहुतेकांत साधीसुधी, स्वस्त द्रव्यं निघाली.

१९१२: दोन कायदे, दोन रस्ते

१९१२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. डॉक्टर कोण, हे नोंदवहीत लिहिलं जाऊ लागलं, आणि नोंदणीबरोबर व्यावसायिक वर्तनाची शिस्तही आली. स्वतःची जाहिरात करणं डॉक्टरला शोभत नाही, ही आमच्या पिढीपर्यंत आलेली समजूत याच परंपरेतली.

त्याच वर्षी अमेरिकेनं वेगळ्या बाजूनं हात घातला. टपालाच्या सवलतीच्या दरानं जाणाऱ्या वर्तमानपत्रांनी, पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द ठळक छापावा, असा कायदा तिथे झाला. वर्तमानपत्रवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९१३ मध्ये हरले. माझ्या माहितीतला या प्रकारचा हा पहिला मोठा नियम. त्यानं खरं-खोटं तपासलं नाही, फक्त पैसे घेतले असतील तर तसं लिहा, एवढंच मागितलं.

आपल्याकडे असा नियम नव्हता, पण सभ्यपणाची उदाहरणं होती. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केलं, त्याचं नाव ‘किर्लोस्कर खबर’. कारखान्याचं मुखपत्र आहे हे नावातच सांगितलेलं. पुढे ते महाराष्ट्राच्या घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं, ‘खबर’ गळून पडलं. खर्च कोण करतंय हे वाचकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यानं वाचकांची संख्या काही कमी झाली नाही. हल्ली जे म्हणतात की प्रायोजक उघड केला तर लोक पाहत नाहीत, त्यांनी हा इतिहास वाचावा.

बाटलीत काय आहे

औषधांच्या बाबतीत सरकारनं पहिल्यांदा बाटलीकडे पाहिलं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमली गेली, १९३१ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून १९४० चा औषध कायदा निघाला. ‘गुप्त नुसखा’ या प्रकाराला त्या कायद्यानं आळा घालायला सुरुवात केली. औषधातले घटक सांगावेत, हे तत्त्व आलं. आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण मात्र १९६४ मध्ये जोडलं गेलं.

मग १९५४ चा कायदा, औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. १ एप्रिल १९५५ पासून तो लागू झाला. मधुमेह, कर्करोग, उंची वाढवणं, लैंगिक दुर्बलता अशा आजारांच्या यादीवर ‘बरं करतो’ अशी जाहिरातच करायची नाही. जाहिरातीची व्याख्या वाचण्यासारखी आहे: नोटीस, पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकंच काय, प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्यानं केलेली घोषणासुद्धा. १९५४ साली ज्यांनी हे लिहिलं त्यांना मोबाइल माहीत नव्हता, पण प्रकाश आणि ध्वनी यांत आजचं रील बसतं. हमदर्द दवाखान्यानं या कायद्याला आव्हान दिलं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही कलमं रद्द केली, पण कायद्याचा गाभा शाबूत ठेवला. १९६३ मध्ये दुरुस्ती झाली. कायदा आजही जिवंत आहे. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं.

या दोन्ही कायद्यांनी काय विचारलं? बाटलीत काय आहे आणि जाहिरातीत काय म्हटलंय. म्हणणारा कोण आणि त्याला किती मिळाले, हा प्रश्न तसाच राहिला.

तोपर्यंत म्हणणारे बदलले होते. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. भारतीय नटीनं या साबणाची जाहिरात करण्याची ही सुरुवात मानली जाते. आपल्या मराठी घरातली, बी. ए. झालेली, ‘कंगन’ आणि ‘बंधन’ची नायिका. इनामदार-मामलेदारांची जागा सिनेमानं घेतली. साबणापुरतं यात काही बिघडत नाही. नटी पैसे घेऊन हसते आहे हे पाहणाऱ्याला कळतं, म्हणून ती जाहिरातच वाटते.

अमेरिकेत मात्र यावरूनच वाद झाला होता. नखं रंगवायच्या प्रसाधनांच्या एका कंपनीनं नट्यांना आणि बड्या घरच्या बायकांना पैसे देऊन प्रशंसा मिळवली. तिथल्या व्यापार आयोगानं सांगितलं, पैसे दिलेत तर तसं लिहा. १९३२ मध्ये न्यायालयानं आयोगाचा आदेश फिरवला. प्रशंसा मनापासून असेल तर पैसे दिल्याचं सांगायची गरज नाही, असा निकाल. आयोगानं तो मुद्दा सोडला नाही आणि १९८० मध्ये मार्गदर्शक नियम काढले: ग्राहकाला अपेक्षित नसेल असा संबंध असेल तर तो सांगितला पाहिजे. १९३२ ते १९८०, जवळजवळ पन्नास वर्षं.

आपल्याकडे १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर १९७६ मध्ये आल्या आणि ‘प्रायोजित कार्यक्रम’ हा शब्द तोंडी बसला. १९८४ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांविषयीची तरतूद, १९८५ मध्ये मुंबईत जाहिरातदारांनी स्वतःहून स्थापलेली एएससीआय ही नियामक परिषद, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा. जाहिरात आणि मजकूर यांतली रेघ अजून दिसत होती. ती पुसली गेल्याचं महाराष्ट्राला २००९ च्या विधानसभा निवडणुकीत कळलं. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः, बातमी म्हणून. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा चावडीवर पोचला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलचा त्यावर अहवाल आला.

लिंकमधली अडत

आता अफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय, ते थोडक्यात. विकणारी कंपनी किंवा वेबसाइट शिफारस करणाऱ्याला एक खास लिंक किंवा कोड देते. तुम्ही त्या लिंकवरून गेलात की कोणामार्फत आलात याची नोंद होते. तुम्ही खरेदी केलीत की बिलातला ठरलेला टक्का त्याच्या खात्यावर जातो. काही ठिकाणी तुम्ही त्या दिवशी काही घेतलं नाही तरी नोंद काही काळ राहते आणि नंतरच्या खरेदीवरही टक्का मिळतो. थोडक्यात, अडतच. फरक एवढाच की अडत्या मालाचा वाखाणी आणि ग्राहकाचा मित्र अशा दोन्ही रूपांत समोर येतो, आणि पट्टी तुम्हाला मिळत नाही.

यात मुळात वाईट काही नाही. प्रामाणिक माणूसही टक्का घेऊ शकतो. प्रश्न रुमालाचा आहे.

भारतात रुमाल हटवायला सुरुवात झाली ती २०२१ मध्ये. एएससीआयनं इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले, १४ जून २०२१ पासून लागू. पण ती स्वयंशिस्त. कायद्याचं बळ आलं ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामुळे. ९ जून २०२२ ला प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल नियम जाहीर केले. दिशाभूल केल्यास दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षांची बंदीही येऊ शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा पगारी माणसांकडून लिहवलेले अभिप्राय छापू नयेत, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

२० जानेवारी २०२३ च्या सूचना सर्वात कामाच्या. कोणता संबंध सांगायचा? रोख पैसे तर झालेच. शिवाय फुकट मिळालेली वस्तू, सवलत, भेट, सहल, हॉटेलातला मुक्काम, कंपनीतले शेअर, नोकरी, नातं. कसा सांगायचा? ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ अशा साध्या शब्दांत, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, हॅशटॅगच्या गर्दीत न दडपता. फोटो असेल तर फोटोवर, व्हिडिओ असेल तर दिसेल आणि ऐकूही येईल असा, थेट प्रक्षेपण असेल तर सतत.

भाषेची अट मला सर्वात मोलाची वाटते, आणि तिचं कारण माझ्या दवाखान्यात बसलेलं असतं. घोडेगावच्या बाजूच्या एका काकांची तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या आसपास होती. गोळी नियमित. नंतर पाच महिने आले नाहीत. आले तेव्हा सरासरी अकराच्या वर आणि पायाला जखम. मधे काय झालं? सूनबाईंनी पाठवलेला व्हिडिओ. त्यात एक बाई छान घरगुती मराठीत सांगत होत्या की या पावडरीनं वडिलांची गोळी सुटली. काकांनीही सोडली. मी तो व्हिडिओ उघडून खालचा मजकूर उलगडून पाहिला. ‘अधिक’ दाबल्यावर, चार ओळी खाली, इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की या लिंकवरून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळतं. शिफारस मराठीत, अडत इंग्रजीत. काकांना इंग्रजी येत नाही आणि ‘अधिक’ दाबायचं असतं हेही माहीत नाही. आणि मधुमेह १९५४ च्या यादीत आहे, हे वेगळंच.

आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांसाठी १० ऑगस्ट २०२३ ला आणखी सूचना आल्या. डॉक्टर असाल तर तशी पात्रता आहे हे सांगा. नसाल आणि तज्ज्ञासारखं बोलत असाल तर हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट म्हणा. पाणी प्या, चाला, अशा सर्वसाधारण गोष्टींना हे लागू नाही.

डॉक्टरनं एखाद्या उत्पादनाची जाहीर शिफारस करणं आपल्याकडे आचारसंहितेतच निषिद्ध आहे. त्यातून वाट काढण्याचा एक नमुना २०२२ मध्ये पुढे आला. सेन्सोडाइन टूथपेस्टच्या जाहिरातींत परदेशात व्यवसाय करणारे दंतवैद्य शिफारस करताना दाखवले होते. इथल्या दंतवैद्याला जे करता येत नाही ते तिकडच्याकडून. प्राधिकरणानं त्या जाहिराती थांबवायला सांगितलं आणि पुढे दाव्यांवरून दहा लाखांचा दंडही केला.

आमच्या घरातला रुमाल

इन्फ्लुएन्सरला नावं ठेवून डॉक्टरला सुटता येणार नाही. रुग्ण तपासणीला पाठवला की टक्का, ऑपरेशनला पाठवला की टक्का, याला आमच्याकडे ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. हे जुन्यातलं जुनं अफिलिएट मार्केटिंग, फक्त लिंकऐवजी चिठ्ठी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत असा मोबदला देणं-घेणं स्पष्ट मना आहे. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयानं डॉक्टरांना कमिशन देत नाही, असे फलक लावले तेव्हा डॉक्टरांच्याच संघटनेनं आक्षेप घेतला. त्याच वर्षी राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. मसुद्याचा कायदा झाला नाही. यूट्यूबवरच्या मुलीला टक्का सांगायची सक्ती आहे. चिठ्ठीवर टक्का लिहायची पद्धत नाही, कारण तो टक्का असायलाच नको आहे.

पैसे सांगितले म्हणजे झालं का?

नाही, आणि डॉक्टर म्हणून मला हे जास्त आवर्जून सांगायचं आहे. माणूस खरं बोलत असेल, पैसे घेतल्याचंही सांगत असेल, तरी त्याचा अनुभव औषधाचा पुरावा होत नाही. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते. माणूस औषध घेतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं उतरणारच असतं. उतरल्यावर श्रेय बाटलीला. ज्यांना गुण आला नाही ते व्हिडिओ करत नाहीत. पाच तारे देणाऱ्यांमध्ये ते सापडणार नाहीत.

आणि कधी कधी गुण खरोखर येतो, तेव्हा तर जास्त सावध व्हावं लागतं. सांधेदुखीच्या काही पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, चेहरा भरतो. घेणारा मनापासून पाच तारे देतो. काही महिन्यांनी साखर आणि रक्तदाब वाढलेला असतो, हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात आणि पावडर अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं. इथे अभिप्राय खरा, माणूस खरा, फक्त लेबल खोटं. म्हणून १९४० चा प्रश्न आणि २०२२ चा प्रश्न, दोन्ही लागतात.

जाता जाता आपल्या भागाबद्दल. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात, आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात. तोच हिरडा सुंदर डब्यात त्रिफळा होऊन लिंकवरून आपल्याकडे परत येतो. त्या साखळीत प्रत्येकाला काही ना काही मिळतं. सर्वात कमी कोणाला मिळतं ते तुम्हीच ओळखा.

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आजार बरा करण्याचा दावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येतं. व्हिडिओ काढून टाकला जाण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचं नाव, तारीख आणि खालची लिंक दिसली पाहिजे. बिल जपून ठेवा. उरलेली पावडर फेकू नका, डब्यासकट दवाखान्यात घेऊन या. आणि सांधेदुखीची पावडर बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करू नका, आधी येऊन दाखवा.